खेळाचा पाठ आणि त्याची आवृत्ती : मेजावरील भूमिकाखेळाच्या भावी रचनेचा विचार

१. 'आवृत्ती' या शब्दाचे दोन अर्थ

'आवृत्ती' हा शब्द मराठीत दोन भिन्न व्यवहारांत वावरतो. एखाद्या स्तोत्राच्या किंवा पोथीच्या आवृत्त्या करणे म्हणजे तोच पाठ पुन्हा पुन्हा म्हणणे. त्यात अक्षर बदलत नाही; बदलतो तो म्हणणारा आणि त्याची वेळ. ग्रंथव्यवहारात मात्र 'दुसरी आवृत्ती' म्हटले की 'सुधारून वाढविलेली' हे विशेषण जवळजवळ आपोआप जोडले जाते. तेथे पाठ बदलणे हेच आवृत्तीचे प्रयोजन असते. एका अर्थाने आवृत्ती ही पाठाची निष्ठा आहे, तर दुसऱ्या अर्थाने ती पाठाची दुरुस्ती आहे.

साहित्यकृतीच्या बाबतीत हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. कादंबरीची तिसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिल्या आवृत्तीच्या वाचकाचे काही अडत नाही. परंतु ज्या पाठाचे अस्तित्वच अनेकांनी एकत्र येऊन त्याचे आवर्तन करण्यावर अवलंबून असते, त्याच्या बाबतीत हा विरोध तीव्र होतो. मेजावरील भूमिकाखेळाचे नियमपुस्तक हा असा पाठ आहे. त्याची पुढील आवृत्ती कशी असावी, हा प्रश्न वरवर पाहता खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांचा वाटतो. वस्तुतः तो पाठसंपादनाचा प्रश्न आहे. पाठसंपादनाची मोठी परंपरा असलेल्या विदर्भात या प्रश्नाला उपयोगी पडेल अशी सामग्री आधीपासूनच आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

२. भूमिकाखेळाचे स्वरूप

चार-सहा जण मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण निवेदकाचे काम करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र धारण करतात. निवेदक प्रसंग सांगतो, पात्रे आपापली कृती सांगतात, आणि जेथे कृतीचा परिणाम अनिश्चित असतो तेथे फासे टाकले जातात. फाशांमध्ये नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर वीस बाजूंचाही फासा असतो. पडलेल्या दानाचा अर्थ नियमपुस्तकाच्या आधारे लावला जातो. खेळ अनेक बैठकींत, कधी कधी वर्षानुवर्षे चालतो आणि त्यातून एक कथा तयार होते. या कथेला लेखक नाही, कारण सर्वच लेखक आहेत. प्रेक्षक नाहीत, कारण सर्वच प्रेक्षक आहेत.

द्यूताहून हा खेळ मुळातच निराळा आहे. मराठीतील आद्य गद्यचरित्र असलेल्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकीकत येते, तिच्यात हरिपाळदेवांचे द्यूत, त्यात झालेली हार, पत्नीने अलंकार देण्यास दिलेला नकार आणि त्यातून आलेली विरक्ती यांचा क्रम आहे. या विरक्तीनंतर ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडले. द्यूतात दान पडले की निकाल लागतो. अर्थ लावण्यास जागा उरत नाही. भूमिकाखेळात दान पडल्यावर अर्थ लावण्यास प्रारंभ होतो. तेथे कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. कथा पुढे जाते अथवा अडते.

या प्रकाराचा पहिला प्रकाशित खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्याची पूर्वपीठिका युद्धखेळांत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रदेशात बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धखेळ रचण्यात आले. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने सैनिकी शिक्षणासाठी फासे, कोष्टके आणि पंच यांच्यावर चालणारा खेळ नियमबद्ध केला. बुद्धिबळाचे मूळ भारतीय चतुरंगात असल्याने या वंशावळीचे एक टोक या भूमीत येऊन पोचते.

या पूर्वपीठिकेतील एक घटना विशेष अर्थपूर्ण आहे. राइसविट्झच्या नंतर कोष्टके वाढत गेली आणि खेळ संथ व किचकट झाला. तेव्हा १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा, असे प्रतिपादन केले. नियम अधिक असावेत की निवेदकाचा विवेक अधिक असावा, हा वाद तेव्हापासून आजतागायत प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी नव्याने उद्भवतो.

३. पन्नास वर्षांतील आवृत्त्या

१९७४ मधील मूळ खेळ तीन लहान पुस्तिकांचा होता. त्यात अनेक गोष्टी अध्याहृत होत्या. वाचकाला युद्धखेळ ठाऊक असल्याचे गृहीत धरलेले होते. ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्यांनी रिकाम्या जागा आपापल्या परीने भरल्या आणि गावोगाव निराळे पाठ तयार झाले. १९७७ पासून प्रकाशकाने खेळाच्या दोन शाखा केल्या : नवशिक्यांसाठी सुलभ आणि जाणकारांसाठी प्रगत. १९८९ मध्ये प्रगत शाखेची दुसरी आवृत्ती निघाली. १९९७ मध्ये मूळ कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली.

तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक खुला परवाना देण्यात आला. त्यामुळे नियमांचा गाभा इतरांनाही वापरता येऊ लागला. या परवान्याचे महत्त्व २००८ मध्ये ध्यानात आले. त्या वर्षी निघालेल्या चौथ्या आवृत्तीत खेळाची घडण इतकी बदलली, की मोठा वाचकवर्ग जुन्या पाठाशीच राहिला. २००३ मध्ये सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या पाठावर आधारलेला 'पाथफाइंडर' हा खेळ 'पायझो' या दुसऱ्या कंपनीने २००९ मध्ये काढला. मूळ प्रकाशकाने सोडलेला पाठ परवान्यामुळे दुसऱ्या घरी वाढला. २०१२ पासून खेळाडूंकडून जाहीर चाचणी करवून घेऊन २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली आणि २०२४ मध्ये तिची सुधारलेली पुस्तके आली.

मधल्या काळात दोन घटना घडल्या. जानेवारी २०२३ मध्ये खुला परवाना बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला. त्यावर खेळाडूंचा मोठा विरोध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा मागे घेता न येणाऱ्या सार्वजनिक परवान्याखाली मुक्त केला. दुसरी घटना ऑगस्ट २०२४ मधील आहे. कंपनीच्या संगणकीय सेवेवर खेळाडूंनी ठेवलेल्या पात्रांच्या नोंदींत जुन्या आवृत्तीच्या काही नियमांच्या जागी नवे नियम आपोआप येतील, असे जाहीर करण्यात आले. पुन्हा विरोध झाला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.

पाठसंपादकाच्या दृष्टीने ही दुसरी घटना अधिक गंभीर आहे. बाडात बांधून ठेवलेली पोथी मालकाच्या नकळत बदलत नाही. वाळवी तिला खाईल, नकलकार चूक करील. पण तिच्या पानांवरील अक्षरे दूरच्या कोणाच्या इच्छेने एका रात्रीत बदलणार नाहीत. नवा पाठ जुन्याच्या शेजारी न येता त्याच्या जागी येऊन बसला, तर तुलनेसाठी काही उरत नाही आणि पाठभेद नावाची वस्तूच संपुष्टात येते. भावी आवृत्तीच्या रचनेत खरे पणाला लागलेले आहे ते हेच.

४. मोक्षपटाचा दाखला

नव्या आवृत्तीत खेळाचा मजकूर नाहीसा होणे म्हणजे काय, याचा दाखला मराठी समाजाला दुरून आणावा लागत नाही. मोक्षपट हा खेळ महाराष्ट्रात परंपरेने श्रीज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. पश्चिम भारतात त्याची ज्ञानचौपड, ज्ञानबाजी इत्यादी नावांची भावंडे आढळतात. याकोब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने कोपनहेगन विद्यापीठास २०१९ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात या खेळांचा विस्तृत अभ्यास केला आहे.

मोक्षपटाच्या घराघरांत शब्द असतात. गुण, दोष, अवस्था आणि लोक यांची ती नावे होत. शिडी एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत नेते, तर साप एका शब्दापासून खालच्या शब्दापर्यंत उतरवतो. कोणत्या दोषामुळे कोणत्या अवस्थेत पतन होते, हे शब्दांचे नातेच त्या पटाचा आशय आहे. या अर्थाने मोक्षपट हा हाताने वाचावयाचा ग्रंथ आहे : कवड्या पडतील त्या क्रमाने त्याची पाने उलगडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तेथील प्रारंभीच्या पटांवर भारतीय संकल्पनांच्या जागी काटकसर, उद्योग, आळस, अवज्ञा असे व्हिक्टोरियन गुणदोष आले. पुढे तेही गळाले आणि केवळ आकडे उरले. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा सापांची संख्या बहुधा अधिक असे, कारण मोक्षाची वाट दुर्घट आहे हे दाखवावयाचे असे. नव्या पटांवर हे प्रमाण समतोल करण्यात आले. आज घरोघरी खेळली जाणारी 'सापशिडी' ही या प्रवासाची शेवटची आवृत्ती होय. तिचा नियम शाबूत आहे, फासा शाबूत आहे, पटही शाबूत आहे. नाहीसा झाला आहे तो पाठ. प्रत्येक टप्प्यावरील संपादकाला आपण खेळ सुलभ करीत आहोत असेच वाटले असणार.

५. महानुभाव पाठपरंपरेपासून मिळणारे धडे

खेळाचा पाठ टिकवून त्याची नवी आवृत्ती कशी काढावी, या प्रश्नाच्या संदर्भात महानुभाव वाङ्मयाचा इतिहास उद्बोधक आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेले 'लीळाचरित्र' आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाले आणि नंतर ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करण्यात आले, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. या पुनर्रचनेत हिराइसेच्या पाठांतराचे स्थान मोठे आहे. ज्याच्या स्मरणात जे होते त्यानुसार निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यांपैकी एकच प्रमाण ठरवून उरलेले पुसून टाकण्याऐवजी 'अमुकाचा पाठ' असा निर्देश करून भेद नोंदविण्याची पद्धत या परंपरेत दिसते.

आधुनिक काळात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचे संपादन केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या डॉ. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. या आवृत्त्यांतील लीळांची संख्या आणि क्रम सारखा नाही. तरीही एकीने दुसरीला निरुपयोगी केले नाही. अभ्यासकाला त्या शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात. आवृत्ती ही जुन्या पाठाची जागा घेणारी नसून त्याच्या शेजारी बसणारी असू शकते, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'च्या रचनेतून मिळतो. या ग्रंथात ११४ दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची घडण त्रिविध आहे : प्रथम सूत्र, नंतर दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र संक्षेपाने तत्त्व सांगते. दृष्टान्त ते लोकव्यवहारातील कथेने डोळ्यांपुढे उभे करतो. दार्ष्टान्तिक कथेतील तपशील तत्त्वाला कसा लागू होतो ते दाखविते. याच परंपरेतील 'प्रकरणवश' या प्रकारात सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, ते सांगितलेले असते.

भूमिकाखेळाच्या नियमपुस्तकांत या चार गोष्टींची सरमिसळ झालेली असते. नियम, उदाहरण, स्पष्टीकरण आणि हेतू एकाच परिच्छेदात येतात. त्यामुळे उदाहरणालाच नियम समजून वाद होतात आणि त्या वादांचा निकाल लावण्यासाठी पुढच्या आवृत्तीत आणखी नियम घालावे लागतात. १८७६ मध्ये ज्या कारणाने कोष्टकांविरुद्ध तक्रार झाली, ते कारण असे पुन्हा पुन्हा जन्मास येते. सूत्र वेगळे, दृष्टान्त वेगळा आणि प्रकरण वेगळे मांडले, तर सूत्रांचा गाभा लहान राहतो व क्वचितच बदलावा लागतो. दृष्टान्त मात्र प्रदेशानुसार आणि पिढीनुसार नवे घालता येतात. शिवाय नियम कोणत्या अडचणीतून निर्माण झाला हे प्रकरणातून कळल्यास, ती अडचण ज्या मंडळीत नाही ती मंडळी तो नियम निश्चिंतपणे बाजूला ठेवू शकते.

तिसरा धडा सांकेतिक लिपीचा आहे. पवित्र पाठात ढवळाढवळ होऊ नये म्हणून महानुभावांनी सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्या योजल्या. पाठ सुरक्षित राहिला. पण पंथाबाहेरील मराठी वाचकाला तो शतकानुशतके अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केल्यानंतरच तो मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत आला. पाठ बंद ठेवला की तो बिघडत नाही, पण वाढतही नाही. खुल्या परवान्याविषयीच्या आजच्या वादातही हाच पेच आहे. त्यातून निघणारी वाट अशी, की सूत्रांचा गाभा खुला परंतु स्थिर असावा आणि त्यात भर घालणाऱ्याने आपली भर आपल्या नावाने वेगळी दाखवावी.

६. मराठी भाषेतील आवृत्तीचा प्रश्न

या खेळाची मराठी आवृत्ती काढावयाची झाल्यास केवळ पारिभाषिक शब्दांच्या भाषांतराने काम भागणार नाही. भूमिका धारण करण्याची क्रिया मराठीच्या व्याकरणातच निराळ्या रीतीने घडते. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. त्यामुळे खेळाडू स्वतःविषयी बोलतो आहे की पात्र म्हणून, हे वाक्यावरून कळत नाही. प्रमाण मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' यांपैकी एक निवडावेच लागते. राजपुत्राची भूमिका घेतलेली तरुणी 'मी जातो' म्हणते, त्या क्षणी ती भूमिकेत शिरल्याचे सर्वांना ऐकू येते. 'माझे पात्र जाते' असे म्हटले, तर 'पात्र' या शब्दाच्या नपुंसकलिंगामुळे ती पुन्हा बाहेर येऊन उभी राहते. खेळाडू आणि पात्र यांच्यातील अंतर दाखविण्यासाठी इंग्रजी नियमपुस्तकांना स्वतंत्र सूचना द्याव्या लागतात. मराठीत ते काम क्रियापदाचा प्रत्यय करतो.

'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्या निवडीतून पात्रांमधील पायरी ठरते, ही आणखी एक बाब. प्रधान आणि शिलेदार यांचा पहिला संवादच त्यांचे नाते निश्चित करतो. त्यासाठी अंक आणि कोष्टके लागत नाहीत. नागपूरकडील 'जाऊन राहिलो', 'करून राहिली' यांसारख्या रूपांनी पात्राचा प्रदेशही कळतो. जे इंग्रजी आवृत्तीत नियमाने साधावे लागते, ते येथे बोलीने साधते. तेव्हा मराठी आवृत्ती मूळ पुस्तकापेक्षा लहान असणे स्वाभाविक आहे.

लोकरंगभूमीचा अनुभवही या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोकणातील दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यानाचा सांगाडा प्रयोगापूर्वी नटांना सांगितला जातो आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे उभे राहतात. पूर्व विदर्भातील खडी गंमत आणि दंडार या प्रकारांतही गण, गवळणीसारखे ठरलेले भाग आणि हजरजबाबी संवादाचे मोकळे भाग एकमेकांत गुंफलेले असतात. ठरलेले काय आणि मोकळे काय, याची वाटणी या कलावंतांना पुस्तकाविना ठाऊक असते. भूमिकाखेळ यापासून एका बाबतीत वेगळा आहे : येथे बाहेरचा प्रेक्षक नाही. त्या दृष्टीने तो भातुकलीच्या अधिक जवळचा होय.

मुलांच्या खेळातील 'कच्चा लिंबू' हा संकेत येथे आठवतो. सर्वांत लहान मूल खेळात तर घ्यावयाचे, पण नियमाचा जाच त्याला होऊ द्यावयाचा नाही, यासाठी केलेली ही सोय कोणत्याही पुस्तकात आधी छापली गेली नाही. तरी तिचा अर्थ सर्वत्र समजतो. नियमाला अपवाद करण्याचा अधिकार खेळणाऱ्या मंडळीकडे आहे, ही समज त्यात आहे. भावी आवृत्तीने हा अधिकार काढून घेऊ नये. उलट त्याची जागा पुस्तकातच मोकळी ठेवावी.

७. समारोप

वरील विवेचनावरून भावी आवृत्तीची काही लक्षणे सांगता येतील. तिचा सूत्ररूप गाभा लहान असावा. दृष्टान्त व प्रकरण त्यापासून वेगळे छापलेले असावेत. जुन्या आवृत्तीशी असलेले भेद लपविलेले नसावेत, तर पाठभेदांप्रमाणे नोंदलेले असावेत. जुना पाठ वाचकाच्या हाती अक्षरशः शाबूत राहावा आणि संगणकावरही तो त्याच्या नकळत बदलू नये. भर घालण्याची मुभा असावी, पण भर कोणाची ते कळावे. आणि प्रत्येक भाषेतील आवृत्तीने त्या भाषेच्या व्याकरणाला जे येते ते नियमांकडून करवून घेऊ नये.

या अटी पाळल्या, तर 'आवृत्ती'चे दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतील. पाठ सुधारेल आणि त्याचे आवर्तनही चालू राहील. न पाळल्यास काय होते, ते सापशिडीच्या पटावर कोणालाही पाहता येते : साप आहेत, शिड्या आहेत, शंभर घरे आहेत, आणि त्या घरांत वाचण्यासारखे काही नाही.